बेस गिटारचे पॉट बदलूनही आवाज बोथट किंवा नॉब बेभरवशाचे: योग्य मूल्य निवडण्याआधीच्या तपासण्या

लक्षणे

नवे पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉबखालचा कमी-अधिक करता येणारा रोध) बसवल्यापासून खर्ज पूर्वीइतकाच भरदार आहे, पण तारेवर बोट पडल्याचा स्पष्टपणा, स्लॅपचा (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याचा) चटका आणि वरच्या स्वरांची धार नाहीशी झाली आहे. व्हॉल्यूमचा नॉब शून्यापासून तीनपर्यंत नेताच आवाज जवळजवळ पूर्ण येतो आणि तिथून दहापर्यंत फारसा फरक पडत नाही. टोनचा नॉब दहापासून दोनपर्यंत काहीच करत नाही आणि शेवटच्या वळणावर सगळे ट्रेबल (वरच्या वारंवारता) एकदम गिळून टाकतो. दोन पिकअपच्या (तारांची कंपने विद्युत सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागांच्या) बेसवर एक व्हॉल्यूम बंद केला की दुसऱ्या पिकअपचाही आवाज जातो. नॉब फिरवताना खरखर येते, सफाई केल्यावर थांबते आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होते.

ही पाचही लक्षणे घेऊन बेस दुरुस्तीला येते तेव्हा सोबत बहुधा एकच निदान आलेले असते, ते म्हणजे पॉट खराब आहे, ‘तसेच दुसरे’ बसवून द्यावे. माझा आग्रह असा, की पॉटचे मूल्य जुन्या पॉटवरचा छापील आकडा पाहून नव्हे, तर त्या पॉटच्या आधी काय जोडलेले आहे आणि पुढे काय जोडले जाणार आहे ते पाहून ठरवावे. जुने पॉट यापूर्वीच कोणीतरी हाताला लागेल ते बसवलेले असू शकते, आणि अशा वेळी आकडा तंतोतंत जुळवून आपण तीच चूक नव्या सुट्या भागासह पुन्हा बसवतो. म्हणून पुढील तपासण्या सर्वांत सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू केल्या आहेत. सोल्डरिंग आयर्न तापवण्याची वेळ बरीच उशिरा येते.

बेस न उघडता करायच्या तपासण्या

सर्वप्रथम बेस कशात जोडली जाते ते पाहावे. पॅसिव्ह बेस, म्हणजे जिच्यात बॅटरी नाही अशी बेस, गिटारसाठी बनवलेल्या ॲम्पमध्ये जोडली तर समोर साधारण १ मेगाओमचा रोध असतो आणि पिकअपवर भार जवळजवळ पडत नाही. तीच बेस ध्वनिक्षेपकवाल्याच्या मिक्सरच्या लाइन-इनमध्ये थेट खुपसली तर समोरचा रोध १० ते २० किलोओमच असतो. हा भार इतका जड आहे की त्यापुढे आतले पॉट २५० किलोओमचे आहे की ५०० चे, हा प्रश्नच उरत नाही. आवाज बोथटच येणार. ऑर्केस्ट्रा, चर्चमधील वाद्यवृंद आणि मंडपातील कार्यक्रम यांत बेस सर्रास थेट मिक्सरमध्ये जोडली जाते आणि दोष मात्र पॉटच्या माथी मारला जातो. मध्ये ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (पिकअपवर भार न टाकता सिग्नल मिक्सरला देणारी पेटी) लावून ऐकावे. घरी ऑडिओ इंटरफेसवर ध्वनिमुद्रण करत असल्यास ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेले बटण चालू आहे का ते पाहावे. एवढ्यानेच धार परत आली तर पुढचे काहीही करण्याची गरज नाही.

त्यानंतर केबल. साधारण गिटार केबलमध्ये दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतो, त्यामुळे ३ मीटरच्या जागी १० मीटरची केबल आली की वरच्या वारंवारतांचा निचरा अर्थच्या तारेकडे अधिक होतो. लहान आणि खात्रीच्या केबलने एकदा वाजवून पाहावे, कारण ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि खरखर, आवाज मध्येच तुटणे व ट्रेबल हरवणे या तिन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

बॅटरी असलेल्या, म्हणजे ॲक्टिव्ह, बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आवाज फाटतो, दबतो आणि नॉब चमत्कारिक वागू लागतात. नवी बॅटरी घालून पाहावे. दोन बॅटऱ्यांची म्हणजे १८ व्होल्टची रचना असेल तर दोन्ही एकदम बदलाव्यात. अशा बहुतेक बेसमध्ये केबल जॅकमध्ये खुपसली की प्रीॲम्प (सिग्नल सशक्त करणारे आतले सर्किट) चालू होतो, त्यामुळे वाजवून झाल्यावर केबल तशीच राहिली तर बॅटरी रात्रभर झिजत राहते. बॅटरी वारंवार संपण्याची तक्रार असेल तर पॉटकडे जाण्याआधी ही सवय तपासावी.

शेवटी नॉब. बारीक स्क्रूने आवळलेला नॉब शाफ्टवर सैल झाला असेल तर तो फिरतो पण शाफ्ट फिरत नाही, आणि वाजवणाऱ्याला पॉट ‘मेले’ असे वाटते. त्याचप्रमाणे पॉटचे बाहेरचे नट सैल असेल तर नॉबबरोबर अख्खे पॉट गोल फिरते आणि आतल्या तारा पिळून तुटतात. नट आवळावे, मात्र पकडीने नव्हे, योग्य मापाच्या पान्याने, कारण पकड घसरली की फिनिशवर ओरखडा कायमचा राहतो.

केबलच्या टोकावरून मल्टीमीटरने मोजणी

ही युक्ती प्रत्येक बेसवादकाला यावी असे मला मनापासून वाटते, कारण तिने बेसचे झाकण न काढता अर्धे निदान होते. केबलचे एक टोक बेसमध्ये ठेवावे, दुसरे टोक ॲम्पमधून काढून त्याच्या टोकाचा बिंदू आणि बाहेरची नळी यांवर मल्टीमीटरच्या दोन सळ्या टेकवाव्यात आणि मीटर २०० किलोओमच्या किंवा आपोआप बदलणाऱ्या पल्ल्यावर ठेवावे. ही मोजणी पॅसिव्ह बेसलाच लागू आहे. ॲक्टिव्ह बेसमध्ये आपण प्रीॲम्पच्या बाहेर पडणाऱ्या टोकाकडे पाहत असतो आणि मिळणारा आकडा पिकअपबद्दल काहीच सांगत नाही.

एका पिकअपच्या, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या धर्तीच्या बेसवर सगळे नॉब दहावर असताना साधारण १० किलोओम दिसायला हवेत, कारण त्या पिकअपचा स्वतःचा रोध १० ते ११ किलोओमच्या आसपास असतो. तिथे २०० किलोओमपेक्षा अधिक आकडा किंवा पल्ला ओलांडल्याची खूण दिसली तर पिकअपची तार कुठेतरी तुटलेली आहे आणि मीटरला फक्त व्हॉल्यूमचे पॉट दिसते आहे. फेंडरच्याच जॅझ बेसच्या धर्तीच्या, दोन पिकअपच्या बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना साडेसात किलोओमच्या आसपासचे दोन पिकअप समांतर येतात म्हणून साडेतीन-पावणेचार किलोओम दिसतात, आणि एक व्हॉल्यूम बंद केला की आकडा सातच्या वर जातो. दोन्ही उघडे असतानाच सात दिसले तर एक पिकअप गप्प आहे.

आता व्हॉल्यूम हळूहळू फिरवावा. प्रिसिजनवर नॉब दहावरून खाली आणताना आकडा १० वरून चढत मध्ये ६०-६५ किलोओमपर्यंत जातो आणि मग उतरत शून्यावर येतो. हा चढ-उतार सलग असेल तर पॉटचा कार्बनचा पट्टा शाबूत आहे. मध्येच आकडा उडाला किंवा मीटर अनंत रोध दाखवू लागले तर वायपर, म्हणजे पट्ट्यावरून सरकणारा संपर्क, त्या जागी पट्टा सोडतो आहे. डिजिटल मीटर सावकाश प्रतिसाद देते, त्यामुळे नॉब फार मंद फिरवावा; काट्याचे जुने मीटर असेल तर या कामाला ते अधिक चांगले.

उघडल्यावर: आधी डोळे, मग सफाई

झाकण किंवा कंट्रोल प्लेट काढल्यावर काहीही हलवण्याआधी दोन-तीन बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत. नंतर प्रत्येक सोल्डरचा सांधा पाहावा. चांगला सांधा गुळगुळीत असतो. भुरकट, दाणेदार किंवा पॉटच्या पाठीवरून उचकटलेला सांधा खरखर आणि गुणगुण दोन्ही निर्माण करतो. पुलाखालून, म्हणजे ब्रिजखालून, येणारी अर्थची तार पॉटच्या पाठीवर नीट जोडलेली आहे का हेही इथेच कळते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ती तार जोडलेली आहे असे समजावे.

खरखर असेल तर पॉट बदलण्याआधी त्याची सफाई करावी. इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठी बनवलेला, शक्यतो पॉट आणि फेडर (मिक्सरवरची सरकती नियंत्रणे) यांच्यासाठीचा, स्प्रे पॉटच्या पायांजवळच्या फटीतून थोडासा मारून नॉब तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. गंज काढण्यासाठी घरोघरी असलेले सर्वसाधारण तेलकट स्प्रे इथे वापरू नयेत. ते तात्पुरता आराम देतात आणि मागे धूळ धरणारा थर ठेवतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत पॉटमधले धातूचे संपर्क लवकर काळवंडतात, आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने केसमध्ये पडून राहिलेल्या बेसची खरखर अनेकदा एवढ्या सफाईने कायमची जाते. मात्र सफाईनंतर काही आठवड्यांत त्याच जागी खरखर परतली तर पट्टा झिजला आहे आणि सफाई पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही.

इथे एक अपवाद आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ चांगली पॉट्स फेकली जातात. ॲक्टिव्ह बेसमध्ये अगदी नवे पॉटही खरखरत असेल तर मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून, बेस चालू असताना, पॉटच्या प्रत्येक पायावर अर्थच्या तुलनेत विद्युतदाब मोजावा. प्रीॲम्पमधला कपॅसिटर गळू लागला की थोडा डीसी दाब पॉटपर्यंत पोहोचतो आणि नॉब फिरवताना तोच आपल्याला खरखर म्हणून ऐकू येतो. सिग्नलच्या पायांवर स्थिर असे दहा-वीस मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसत असतील तर दोष पॉटचा नाही, आणि कितीही पॉट्स बदलली तरी तो जाणार नाही.

मूल्य कसे ठरवावे

पॉटवर ‘ए२५०के’ किंवा ‘बी५००के’ असे छापलेले असते. आकडा किलोओममधला, आणि आशियाई व अमेरिकी बनावटीच्या आजच्या पॉट्सवर ‘ए’ म्हणजे लॉग (रोध सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणारे), ‘बी’ म्हणजे लिनियर (रोध समान वाढणारे), ‘सी’ म्हणजे उलटा लॉग. जुन्या युरोपीय पॉट्सवर ‘ए’ आणि ‘बी’ नेमके याउलट असू शकतात, म्हणून अक्षरावर विसंबू नये, मोजावे.

मोजताना एक सापळा टाळायला हवा. पॉट जोडलेले असतानाच त्याच्या दोन बाहेरच्या पायांवर मीटर लावले तर मीटरला समांतर जोडलेला पिकअप दिसतो आणि आकडा १० किलोओमच्या आसपास येतो. ते पाहून ‘हे तर दहा केचे पॉट आहे’ असा निष्कर्ष काढून बाजारातून दहा केचे पॉट आणून बसवल्याची उदाहरणे मी वारंवार दुरुस्त केली आहेत. किमान पिकअपची तार सोडवल्याशिवाय मोजणी विश्वसनीय नाही.

आता मूळ प्रश्न: २५०, ५०० की २५? पॅसिव्ह पिकअप म्हणजे तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. वारंवारता वाढते तसा तिचा स्वतःचा अडथळा वाढत जातो. एखाद्या पिकअपचे इंडक्टन्स (हा अडथळा ठरवणारा गुंडाळीचा गुण) ५ हेन्री धरले तर १०० हर्ट्झला त्यामुळे सुमारे ३ किलोओमचा अडथळा येतो, पण ३,००० हर्ट्झला तोच ९४ किलोओमचा होतो. समोर २५० किलोओमचे पॉट असेल तर दोन्ही वारंवारता बऱ्यापैकी पार पडतात. समोर २५ किलोओमचे असेल तर खर्ज निभावून जातो आणि वरच्या वारंवारतांचा मोठा हिस्सा पिकअपच्या आतच खर्ची पडतो. पहिल्या लक्षणात खर्ज शाबूत आणि धार गायब का असते, याचे उत्तर इथे आहे. पॅसिव्ह बेसमध्ये २५ किलोओमचे पॉट बसले असेल तर दुसरे काही शोधू नये, ते काढावे.

फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आली आणि जॅझ बेस १९६० मध्ये. या दोन रचनांवर आधारलेल्या बहुसंख्य पॅसिव्ह बेसमध्ये २५० किलोओमची पॉट्स आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा टोन कपॅसिटर हे प्रमाण रूढ आहे. शंका असेल तर तेच घ्यावे. पण पिकअपला एकेकटे पॉट दिसत नाही, सगळ्यांचा मिळून भार दिसतो, हे लक्षात ठेवावे. प्रिसिजनमध्ये सगळे उघडे असताना २५० चे व्हॉल्यूम आणि २५० चा टोन मिळून वरच्या वारंवारतांना १२५ किलोओमचा भार होतो. जॅझमध्ये दोन व्हॉल्यूम आणि एक टोन मिळून तो ८३ किलोओमवर येतो. म्हणून प्रिसिजनमधला आवाज थोडा अधिक उजळ हवा असेल तर दोन्ही पॉट्स ५०० ची करण्याची घाई न करता फक्त एक बदलून ऐकावे. भार १६७ किलोओमचा होतो आणि अनेकांना तेवढे पुरते. दोन्ही ५०० ची केली तर भार २५० चा होतो, आवाज आणखी उघडा येतो, आणि फ्रेटवर तार घासल्याचा, बोट सरकल्याचा आवाजही तितकाच पुढे येतो. हंबकर (गुणगुण घालवण्यासाठी दोन गुंडाळ्या असलेल्या) पद्धतीच्या, मुळात गडद वाजणाऱ्या पिकअपसाठी ५०० योग्य ठरते.

५०० किंवा १ मेगाओमची आणखी एक किंमत मोजावी लागते. व्हॉल्यूम मध्यावर आणला की पॉटचाच रोध केबलच्या वाटेत उभा राहतो. विद्युतदृष्ट्या मध्यबिंदूवर तो पॉटच्या मूल्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका असतो. समोर ५०० पिकोफॅरडची केबल धरली, तर २५० किलोओमच्या पॉटमध्ये ट्रेबल ५ किलोहर्ट्झच्या आसपासपासून उतरू लागते, ५०० च्या पॉटमध्ये अडीच किलोहर्ट्झपासून आणि १ मेगाओमच्या पॉटमध्ये सव्वा किलोहर्ट्झपासून. जो वादक व्हॉल्यूम सात-आठवर ठेवून वाजवतो त्याला ५०० चे पॉट उजळ नव्हे, उलट अधिक बोथट वाटू शकते. पॉट निवडण्याआधी मी वादकाला हमखास विचारतो की नॉब कुठे ठेवून वाजवता. या एका उत्तराने मूल्य बदलते.

ॲक्टिव्ह बेसचा हिशेब वेगळा आहे. १९७६ मध्ये आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेने बेसच्या आतला प्रीॲम्प लोकप्रिय केला, आणि तेव्हापासून प्रश्न असा विचारावा लागतो की पॉट प्रीॲम्पच्या आधी आहे की नंतर. आधी असेल, म्हणजे पॅसिव्ह पिकअप थेट पॉटला जोडलेला असेल, तर वरचाच नियम लागू होतो आणि २५० किंवा ५०० योग्य. नंतर असेल, किंवा पिकअपच्या आतच प्रीॲम्प असेल, जसा ईएमजी कंपनीच्या ॲक्टिव्ह पिकअपमध्ये असतो, तर २५ किलोओमचे पॉट लागते. तिथे सिग्नलचा स्रोत पुरेसा सशक्त असल्यामुळे २५ चा भार त्याला जाणवत नाही. उलट तिथे २५० चे पॉट बसवले तर व्हॉल्यूम मध्यावर असताना केबलपुढे पुन्हा मोठा रोध उभा राहतो आणि ॲक्टिव्ह रचनेचा फायदाच निघून जातो. टोनचे तर आणखी वाईट होते: पॉटचा रोध स्रोताच्या रोधाच्या जवळपास येईपर्यंत कपॅसिटरला काही करता येत नाही, म्हणून २५० पैकी पहिले दोनशे किलोओम वाया जातात आणि सगळा बदल शेवटच्या वळणावर होतो. हेच तिसरे लक्षण.

प्रीॲम्पच्या सर्किट बोर्डला जोडलेली ‘बेस’ (खर्ज), ‘मिड’ आणि ‘ट्रेबल’ या नॉबची पॉट्स मात्र या कोणत्याच नियमात बसत नाहीत. त्यांचे मूल्य सर्किटच्या गणितात बांधलेले असते. बनवणाऱ्याच्या आकृतीत जे लिहिले आहे तेच आणि त्याच टेपरचे (नॉब फिरवताना रोध वाढण्याच्या पद्धतीचे) पॉट घ्यावे, तिथे स्वतःची पसंती चालवू नये.

टोन बिघडल्यासारखा वाटत असेल तर पॉटबरोबर कपॅसिटरही वाचावा. ‘४७३’ म्हणजे ०.०४७, ‘१०४’ म्हणजे ०.१ आणि ‘२२३’ म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड. ४७३ च्या जागी १०४ लागला असेल तर टोन बंद केल्यावर आवाज फार गढूळ होतो, आणि त्यात पॉटचा काही दोष नसतो.

टेपर

मूल्य बरोबर आणि तरी नॉब नीट वागत नसेल तर टेपर चुकला आहे. आपल्या कानाला आवाजाची वाढ पटीच्या हिशेबाने जाणवते. लिनियर पॉटमध्ये रोध समान वाढतो, त्यामुळे कानाला सगळा बदल तळाशी जाणवतो (हेच दुसरे लक्षण), म्हणून एका पिकअपच्या बेसवर व्हॉल्यूमसाठी लॉग घ्यावे आणि टोनसाठीही लॉगच. ओळखण्याची रीत सोपी आहे. सुटे पॉट पूर्ण बंद करून मधल्या पायाशी ज्या बाहेरच्या पायाचा रोध शून्य दिसतो तो पाय हेरावा, मग नॉब मध्यावर आणून त्याच दोन पायांमध्ये मोजावे. २५० च्या पॉटमध्ये १२५ च्या आसपास आले तर लिनियर. २५ ते ५० आले तर लॉग.

जॅझ बेसबाबत माझे मत रूढ पद्धतीपेक्षा वेगळे आहे. तिथे लॉग पॉट्स देण्याचा प्रघात आहे, पण जॅझच्या जोडणीत पिकअपची तार मधल्या पायाला आणि बाहेर जाणारी तार बाजूच्या पायाला असते, जेणेकरून एक व्हॉल्यूम बंद केल्यावर दुसरा पिकअप चालू राहावा. या जोडणीत एक व्हॉल्यूम दहावर ठेवून दुसरा किंचित कमी केला की त्याचा आवाज झपाट्याने घटतो, आणि लॉग पॉटचा वरचा भाग मुळातच तीव्र चढाचा असल्यामुळे हा उतार आणखी तीव्र होतो. ज्यांना दोन पिकअपचे मिश्रण नाजूकपणे जुळवायचे आहे त्यांना मी दोन्ही व्हॉल्यूमसाठी लिनियर सुचवतो. एक बंद केल्यावर दोन्ही गप्प होत असतील, म्हणजे चौथे लक्षण असेल, तर टेपर आणि मूल्य यांचा संबंधच नाही. मधल्या आणि बाजूच्या पायांवरच्या तारांची अदलाबदल झालेली आहे, तेवढी सुधारावी.

दोन पिकअपसाठी एकच ब्लेंड नॉब असेल तर मध्यावर खाच असलेले ‘एमएन’ टेपरचे दुहेरी पॉट घ्यावे, ज्यात मध्यावर दोन्ही पिकअप पूर्ण मिळतात. त्याजागी साधे दुहेरी लिनियर बसवले तर मध्यावर दोघांचाही आवाज खाली येतो. डावखुऱ्या बेसवर नॉब उलट दिशेने फिरवायचे असतील तर लॉगचे बाहेरचे पाय अदलाबदल करून भागत नाही, ‘सी’ टेपरचेच पॉट लागते.

दुकानात काय मिळते आणि काय बसते

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत २५० किलोओमचे पॉट मागितले तर बहुधा २२० चे पुढे केले जाते, ५०० ऐवजी ४७० चे आणि २५ ऐवजी २२ चे. याने बिथरून जाऊ नये. पॉट्सच्या मूल्यात अधिक-उणे २० टक्के फरक मान्य असतो, म्हणजे २५० चे पॉट प्रत्यक्षात २०० पासून ३०० पर्यंत काहीही असू शकते. मीटर सोबत न्यावे आणि चार-पाच पॉट्स मोजून हवे ते उचलावे; जॅझसाठी दोन व्हॉल्यूम एकमेकांच्या जवळचे निवडावेत. तिथे खरी अडचण मूल्याची नसून टेपरची असते, कारण सर्वसाधारण वापराची पॉट्स पुष्कळदा लिनियर असतात. वर सांगितलेली मध्यावरची मोजणी दुकानातच करावी.

दुसरी अडचण बसण्याची. अमेरिकी मापाच्या पॉटला ९.५ मिलिमीटरचे भोक लागते, छोट्या मेट्रिक पॉटला ७ किंवा ८ मिलिमीटरचे. मोठ्या भोकात छोटे पॉट वॉशर घालून बसते. लहान भोकात मोठे पॉट बसवण्यासाठी लाकूड कोरावे लागते आणि ते साध्या ड्रिलने केल्यास फिनिश उचकटते. शाफ्ट भरीव आहे की खाचांचा, आणि खाचांचा असल्यास १८ दात्यांचा की २४, हेही जुळायला हवे. न जुळणारा नॉब दाबून बसवला तर नॉब तरी तडकतो किंवा शाफ्टचे दोन भाग आत दबून सैल होतात. लाकडी पृष्ठभागातून थेट पॉट बाहेर येत असेल तर लांब गळ्याचे, धातूच्या प्लेटमधून येत असेल तर आखूड गळ्याचे पॉट घ्यावे.

बसवताना बॅटरी काढलेली असावी. पॉटच्या पाठीवर अर्थची तार जोडण्यासाठी आधी कानशीने ती जागा थोडी खरवडावी आणि ४० ते ६० वॅटचे, रुंद टोकाचे आयर्न वापरावे. कमी ताकदीचे आयर्न सुरक्षित वाटते, पण पाठीचा धातू उष्णता शोषत राहतो, टोक तिथे अर्धा मिनिट टेकवावे लागते, आणि तोवर आतल्या पट्ट्याला झळ बसते. तापलेले आयर्न तीन-चार सेकंदांत काम करून बाजूला होते. प्लेट पुन्हा बसवण्याआधी केबलच्या टोकावरची मोजणी पुन्हा करावी.

कुठे थांबावे

पॉट थेट प्रीॲम्पच्या बोर्डवर सोल्डर केलेले असेल आणि बोर्डवरचे सोल्डर सफाईने उपसण्याचे साधन व सराव नसेल, तर थांबावे. बोर्डवरची तांब्याची पट्टी उचकटली की काही रुपयांच्या पॉटसाठी अख्खा प्रीॲम्प बदलावा लागतो. पॉटवर डीसी दाब आढळला, पिकअप तुटलेला निघाला, किंवा प्रीॲम्पचे नाव आणि आकृती दोन्ही मिळत नसतील, तरीही काम जाणकार तंत्रज्ञाकडे द्यावे.

बेसच्या तारांना आणि माइकला एकाच वेळी स्पर्श झाल्यावर झटका बसत असेल तर बेस तत्क्षणी बाजूला ठेवावी आणि वाजवणे थांबवावे. हा पॉटचा दोष नव्हे, तो ॲम्पच्या किंवा सभागृहाच्या अर्थिंगचा दोष आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो. ब्रिजची अर्थची तार तोडून झटका ‘बंद’ करण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये, इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

बेस १९६० च्या किंवा १९७० च्या दशकातील अमेरिकी असेल तर पॉटच्या पाठीवरचे आकडे आधी वाचावेत. ‘१३७’ ने सुरू होणारा क्रमांक सीटीएस या पॉट बनवणाऱ्या कंपनीचा, ‘३०४’ ने सुरू होणारा स्टॅकपोल कंपनीचा, आणि त्यापुढे वर्ष व आठवडा असतो. ‘१३७६६२०’ म्हणजे १९६६ सालचा विसावा आठवडा. अशी मूळ पॉट्स आणि त्यांवरचे मूळ सोल्डर हा त्या वाद्याच्या किमतीचा भाग असतो, त्यामुळे सफाईपलीकडे काहीही करण्याआधी जुन्या वाद्यांच्या जाणकाराला दाखवावे आणि काढावीच लागली तर ती पॉट्स केसमध्येच जपून ठेवावीत.

तंत्रज्ञाकडे जाताना केबलच्या टोकावर मिळालेले आकडे, पॉटवर आणि कपॅसिटरवर छापलेली अक्षरे, उघडल्यावर काढलेली छायाचित्रे आणि खरखर नॉबच्या कोणत्या जागी येते ते लिहून न्यावे.